काठीवरचा काळा गोळा

ज्याच्या तालुक्याला समुद्र नाही, त्याला समुद्रावर एकट्यानं जायचा हक्क आहे की नाही?

हा प्रश्न मी बारामतीत आणि इंदापुरात पुष्कळांना विचारला आहे. हक्काबद्दल कुणी बोलत नाही. सगळे मरणाबद्दल बोलतात. "बुडशील," म्हणतात, आणि म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा समाधानच जास्त दिसतं. पाण्याच्या वाटेला जाणाऱ्याला पाण्यानं शिक्षा केलीच पाहिजे, असं काहीसं. म्हणून तुम्हांला आधी विचारून ठेवतो. काय घडलं ते वाचा आणि मग उत्तर द्या.

मला समुद्राची हौस नव्हती. मला शंका होती, आणि ती माझ्याबद्दल होती. कॉलेजात असताना आम्ही विद्यार्थी पत्रकं वाटायला कोकणात गेलो होतो. बंदरावर उभे राहून घसे बसेपर्यंत घोषणा देत होतो. तेवढ्यात समोरून एक लहान शिडाची होडी गेली. आत एकच माणूस. एक हात सुकाणूवर, दुसऱ्या हातात शिडाचा दोर. त्यानं आमच्याकडं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. तो टोकाच्या खडकाआड दिसेनासा झाला आणि माझी घोषणा अर्ध्यात राहिली. निर्भयतेवर मी शाळेपासून बोलत आलो होतो, पण दर वेळी आजूबाजूला माणसं होती. त्या निर्भयतेतली माझी किती आणि गर्दीची किती? हे तपासायची जागा मला त्या खडकापलीकडं दिसली. होडी आपली हवी, आपण एकटे हवे, एका खाडीतून निघून पुढच्या खाडीत शिरायचं आणि जिवंत परत यायचं. एवढंच ठरवलं होतं.

आमचं घर बारामतीजवळ, कालव्याखालच्या बागाइतीत. वांगी, कोबी, मिरची, बांधाला पेरू. आबा, म्हणजे माझे वडील, बाजाराच्या दिवशी माल देऊन परतताना हाताला लागतील ती पत्रकं घेऊन येत. कुठल्या पक्षाचं, कुठल्या पंथाचं, याचा विधिनिषेध नव्हता. देवीच्या लशीचं पत्रक आणि सत्यनारायणाविरुद्धचं पत्रक एकाच खुंटीला टोचलेलं असे. "छापलेलं खोटं पकडता येतं," ते म्हणत. "बोललेलं खोटं वाऱ्यावर जातं, त्याच्यामागं कुठं पळायचं?" मी अक्षरं त्या पत्रकांवर गिरवली. त्यातून माझी एक समजूत घट्ट झाली: जे खरं आणि गरजेचं आहे ते कुणीतरी छापतंच, आणि जे नुसतंच तोंडी चालत आलंय त्यात निम्मी भीती आणि निम्मी थाप असते. ही समजूत बरोबर घेऊनच मी समुद्रावर गेलो.

होडी आमच्याकडं आली ती लाकूड म्हणून. कालव्याच्या बंगल्यावर पूर्वी एक गोरा साहेब होता, तो तळ्यावर जाऊन एकटाच शिडाची होडी फिरवायचा. साहेब गेला, होडी तबेल्यामागं पालथी पडून राहिली. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत. बंगल्यातलं मोडकं सामान काढलं तेव्हा जुन्या दारांबरोबर ती आबांच्या बैलगाडीत चढली. आबांना तिच्यात गोठ्याचं फाटक दिसत होतं. मला काय दिसतंय ते मी सांगितलं, तेव्हा ते तिच्याभोवती बैल पारखताना फिरतात तसे फिरले.

"दात न्हाईत बघायला," ते म्हणाले. "वय कसं काढायचं हिचं?"

"सागवानी आहे, आबा. चांगली आहे."

"सागवानी हाय म्हणून तर फाटक करायचं व्हतं."

मग त्यांनी अट घातली. "जायचं तर जा. पण परत येऊन मला तुझ्या तोंडानं सांगायचं. दुसऱ्या कुणी येऊन सांगितलेलं मी ऐकणार न्हाय."

आम्ही दोघांनी होडी दुरुस्त केली, म्हणजे आम्हांला कळली तेवढी केली. फळ्यांच्या फटींत जुन्या धोतराच्या चिंध्या ठोकल्या, वरून डांबर फासलं. होडीच्या मधोमध तळाला एक लांबट चीर होती आणि चिरेवर उभी अरुंद पेटी, वरून उघडी. आबांनी चिरेत बोटं घालून पाहिली. "साहेब खुळा व्हता का? होडीला भोक कोण ठेवतं?" बागाइतदाराला पाणी जाईल अशी फट दिसली की हात शिवशिवतातच. आम्ही ती चीर लाकूड ठोकून, डांबर ओतून अशी बुजवली की उंदीरही आत शिरेना. सामानात एक जाड गुळगुळीत फळी होती, एका टोकाला भोक पाडलेली. ती कशाची ते उमगेना. त्या दिवसांत आत्या, आबांची थोरली बहीण, आमच्याकडं आली होती. तिनं ती सांडगे वाळवायला आपल्या गावी नेली.

साहेबाचं शीड उंदरांनी खाल्लं होतं. बारामतीत तमाशाच्या कनाती शिवणारा एक कारागीर होता, त्यानं जुन्या कनातीचं कापड जोडून नवं शीड शिवून दिलं. निळ्या आणि तांबड्या पट्ट्यांचं. ते अंगणात पसरलं तेव्हा शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "तिकिटं कुठं मिळत्यात?"

आत्याचं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. पावसाळा सरता सरता नदीला पाणी असतं, वारा असतो, तेव्हा शिकायचं तर तिथं. होडी बैलगाडीवर आडवी बांधून मी आणि आबा निघालो. निमगाव केतकीला बाजार भरला होता. गाडी बाजारातून काढणं भाग होतं, आणि बाजारानं आम्हांला सोडलं नाही.

"काय न्हेताय पावणं?"

"होडी."

"कुठं पूर आलाय?"

"पूर नाही. शिकायला नेतोय."

"होडीला? कितवीत घालणार?"

हशा पिकला. एकजण बैलांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बैलं दमली की ती बसणार आन् तुमी वडणार, व्हय ना तात्या?" आबाही हसले. पण भाजीच्या ढिगाशी बसलेला एक म्हातारा हसत नव्हता. तो दोराच्या गाठींकडं बघत म्हणाला, "जाताना गाडीवर आडवी निघालीया. माणूस न्हेत्यात तसं." मग त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाला कोथिंबीर मोजून दिली. आबांनी गाव मागं पडेपर्यंत बैलांना दामटलं.

वर्षानुवर्षं कोरड्यात पडलेल्या होडीच्या फळ्या आकसतात. चिंध्या कितीही ठोका, पाण्यात टाकली की ती चाळणीसारखी गळते. फळ्या फुगून पुन्हा एकमेकींना धरेपर्यंत होडी पाण्याखालीच ठेवावी लागते. म्हणून पहिलं काम आम्ही हे केलं की होडीत दगड भरले आणि ती काठाजवळ बुडवली. धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहून बघत होत्या.

"अवं, बुडवायलाच एवढ्या लांबनं आणली व्हय? बारामतीत पाणी न्हवतं?"

संध्याकाळी आत्या आली. पाणी गढूळ होतं, तरी होडीच्या काठाची कड अंधुक दिसत होती. ती खूप वेळ बघत उभी राहिली. आत्याचा नवरा, आमच्याकडं त्यांना मामाच म्हणतात, अनेक वर्षांपूर्वी पुरात वाहून येणारी लाकडं धरायला याच काठावरून उतरले होते. गावातले सगळेच उतरत. लाकूड काठाला लागलं, मामा नाही लागले. आत्या त्याबद्दल कधी बोलत नसे. त्या दिवशी तिनं फक्त विचारलं, "पवायला येतं का तुला?"

"येतं की. विहिरीत शिकलोय."

"समुद्राला पायऱ्या असत्यात व्हय?"

फळ्या फुगल्या. दगड काढले, पाणी उपसलं, होडी वर आली आणि तरंगली. डोलकाठी उभी केली, कनातीचं शीड चढवलं आणि मी एकटा आत बसलो. तो पहिला क्षण मी विसरणार नाही. दोर ओढला, शिडानं पोट फुगवलं आणि होडी चालू लागली. कुणी वल्हं मारत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. माझ्या छातीत काहीतरी मोकळं झालं. फक्त होडी मला हव्या त्या दिशेला जात नव्हती. तोंड पलीकडच्या काठाकडं आणि ती सरकतेय आडवी, खेकड्यासारखी. सुकाणू कितीही फिरवा, ती आपली बाजूनं घसरतच होती. मी बाभळींच्या झुडपात जाऊन अडकलो.

दोन-तीन दिवस असेच गेले. आत्याच्या पडवीत बसून मी काटे काढत होतो. समोरच्या वावरात नांगर चालला होता. ढेकळात फाळ वर आला की नांगर असाच बाजूला सरकतो. रुतला की सरळ रेघ निघते. माझी नजर पडवीतल्या सांडग्यांच्या फळीकडं गेली. एका टोकाला भोक असलेली ती जाड फळी. मी सांडगे सुपात ओतले, फळी उचलली आणि नदीकडं पळालो. पेटीत ती खालपर्यंत बरोबर बसली असती, खाली आम्ही स्वतःच्या हातांनी ठोकलेलं लाकूड आणि डांबर नसतं तर.

आबा तोवर बारामतीला परतले होते, त्यांना निरोप पाठवला. ते आले, चीर पुन्हा मोकळी करताना घामाघूम झाले. "साहेब खुळा न्हवता," एवढंच म्हणाले.

फळी पाण्यात उतरल्यावर होडी सरळ चालू लागली. मग एक दिवस मी लांब गेलो. वारा पश्चिमेचा, प्रवाहही खालच्या अंगाला. दोन्ही पाठीशी. नदीवर इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. काठावरची झाडं मागं जात होती, पण वाऱ्याची झुळूकही अंगाला लागत नव्हती. वाटलं, वारा पडलाय. मी शीड पूर्ण सोडलं, पाय पसरले, आत्यानं बांधून दिलेला धपाटा खाल्ला. खाली, जिथं नीरा येऊन भीमेला मिळते, त्या अंगाचं पाणी दिसू लागलं तेव्हा मी वळलो. वळताक्षणी वारा थोबाडीत मारल्यासारखा तोंडावर आला. शीड फडफडून सुटू पाहत होतं, होडी कलली, पाणी आत आलं. वारा पडला नव्हता. मी त्याच्याच वेगानं त्याच्याबरोबर पळत होतो, म्हणून तो मला लागत नव्हता.

शीड उतरवून मी काठ गाठला आणि कंबरेला दोर बांधून होडी ओढत परत आलो. आत्या घाटावर बसलेली होती. किती वेळ ते विचारायचं धैर्य झालं नाही.

"जाताना हिनं तुला न्हेलं," ती म्हणाली. "येताना तू हिला आणलंस. फिटंफाट झाली. आता दे तिला सोडून."

मी सोडली नाही. वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चालून वर कसं चढायचं ते मी पडत-झडत शिकलो. हातातला दोर ऐन वेळी ढिला सोडणं सगळ्यांत अवघड गेलं. आमचे हात बैलांवर तयार झालेले. बैल उधळला की कासरा आवळायचा, हे हाडात बसलेलं. होडीला झोत बसला की उलट करायचं असतं. ते अंगवळणी पडलं तेव्हा मी तयार झालो असं मला वाटलं.

दिवाळीनंतर गुळाची एक लॉरी घाट उतरून कोकणात चालली होती. तिच्या टपावर होडी बांधून मी निघालो. आत्या त्या दिवशी बारामतीला आली होती, पण लॉरीपाशी आली नाही. आबांनी दोराच्या गाठी तपासल्या आणि बाजूला झाले.

ज्या बंदरात मी उतरलो त्याचं नाव मी सांगत नाही. जे झालं ते दुसऱ्या कुठल्याही बंदरात झालं असतं. धक्क्याजवळ एका बाईंची खाणावळ होती, तिथं जेवलो, तिथंच ओटीवर झोपलो. हवा कोंदट होती. लाटांचा आवाज येत होता पण लांबून, जड पोती एकेक करून कुणी टाकतंय तसा.

पहाटे उठून पाहिलं तर वाळूवर मासेमारांच्या होड्या ओळीनं वर ओढून ठेवलेल्या. माणूस नाही. मला वाटलं, यांचं काहीतरी देवकार्य असेल. धक्क्यावर एक उंच काठी होती आणि तिच्या टोकाला काळा गोळा चढवलेला. कालच्या संध्याकाळी तो तिथं नव्हता.

आता हे बघा. आमच्याकडं वांग्याचं वावर बहरात आलं की बांधावर काठी रोवून तिच्यावर काळं मडकं पालथं घालतात. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. नव्या घरावर टांगतात, फळबागेत टांगतात. या मडक्यांविरुद्ध मी शाळेत असतानाच एक पत्रक लिहिलं होतं, आबांनी ते स्वतः बाजारात वाटलं होतं. तो काळा गोळा पाहून मला हसू आलं. म्हटलं, समुद्रालासुद्धा दृष्ट लागते म्हणायची!

खाणावळवाल्या बाई चहा घेऊन आल्या. मी होडीकडं निघालोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"आज नको जाऊस."

"का?"

त्यांनी हनुवटीनं काठी दाखवली. "वर चढवलाय ना. आज कोण जात नाय."

"गोळ्यानं काय होतं?"

"ते कचेरीतल्यांना माहीत. वर गेला की आमचे पुरुष घरात बसतात."

"म्हणजे का बसायचं ते न विचारताच बसतात!" मला चेव आला. उभ्याउभ्या मी त्यांना दृष्ट, मडकी, बुवाबाजी, सगळ्यांवर ऐकवलं. चांगलं बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कप उचलला आणि म्हणाल्या, "बोलतोस छान. आईला काय कळवायचं ते लिहून ठेवून जा."

आई मी लहान असतानाच गेली होती. मी हे सांगितलं नाही. मी होडी पाण्यात ढकलली.

आणि पुढचा काही वेळ मी जितका सुखी होतो तितका पूर्वी कधी नव्हतो, हेही लिहिलंच पाहिजे. भूगोलाच्या पुस्तकात शिकलो होतो: पहाटे जमिनीवरून समुद्राकडं मतलई वारे, दुपारी समुद्रावरून जमिनीकडं खारे वारे. तसंच चाललं होतं. मतलई वाऱ्यानं मला अलगद खाडीबाहेर काढलं. पाणी तेलासारखं गुळगुळीत. त्याच्याखालून लांब लांब, रुंद लाटा येत होत्या, मोडत नव्हत्या, फेस नव्हता. होडी वर जायची, खाली यायची, झोपलेल्या जनावराच्या पोटावर बसल्यासारखी. आकाश तांब्याच्या भांड्यासारखं. पक्ष्यांचे थवे जमिनीकडं चालले होते. मी कनातीच्या पट्ट्यांखाली बसून गाणं म्हटलं. माझ्या होडीत मी होतो आणि मला कुणीही काहीही सांगत नव्हतं. कॉलेजात असताना पाहिलेला तो होडीतला माणूस ज्या खडकाआड गेला होता, तसा एक खडक मी ओलांडला. मनात म्हटलं, झालं. हीच ती जागा.

सूर्य वर आला. खारा वारा सुरू व्हायला हवा होता, म्हणजे मी किनाऱ्याकडं वळून पुढच्या खाडीत शिरलो असतो. मी वाट पाहत राहिलो. हवा अगदी स्तब्ध वाटत होती. अंगाला झुळूक नाही. मग मी किनाऱ्याकडं पाहिलं. माडांच्या बागा हिरव्या पट्टीएवढ्या झाल्या होत्या.

हवा स्तब्ध नव्हती. हे मी भीमेवर एकदा शिकलो होतो. मतलई थांबला नव्हता, उलट वाढत होता, आणि मी त्याच्याबरोबर आत, खोल समुद्राकडं चाललो होतो. खारा वारा त्या दिवशी येणारच नव्हता.

मी वळलो. वारा असा आदळला की डोलकाठी करकरली. शीड अर्धं खाली घेऊन बांधलं, फळी पाण्यात पूर्ण उतरवली आणि नागमोडी चढायला सुरुवात केली. एका अंगाला जायचं, वळायचं, दुसऱ्या अंगाला जायचं; एवढ्या सगळ्यातून किनारा एखाद्या वावराच्या रुंदीइतका जवळ यायचा. दक्षिणेकडून काळं आभाळ वर सरकत होतं. आता लाटा मोडू लागल्या. प्रत्येक झोताला माझे हात दोर आवळत आणि मी ओरडून स्वतःला सांगे, सोड, सोड! एका हातात दोर, काखेत सुकाणू, उरलेल्या हातानं तांब्यानं पाणी उपसणं. कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी घोषणा देतोय. आमच्या मोर्च्यातल्या, जुन्या. त्या मला स्वतःलाही ऐकू येत नव्हत्या. मी गप्प झालो. गप्प झाल्यावर उपसण्याचा वेग वाढला.

माझ्या शंकेचं उत्तर मला तिथं मिळालं. गर्दी काढून घेतल्यावर माझ्यात निर्भयता फार थोडी उरली. पण भिऊनही हात चालू राहू शकतात, हे कुठल्या पत्रकात वाचलं नव्हतं.

एका डोंगराच्या टोकाखाली वारा थोडा अडत होता. तिथवर पोचलो. पण लाटांनी होडी उचलली आणि खडकावर ठेवली. ठेवली म्हणतो, कारण पहिल्या वेळी हळूच ठेवली. दुसऱ्या लाटेनं तळ फोडला. मी गुडघे सोलवटत, शिंपल्यांनी हात फाडून घेत वर चढलो. मागं वळून पाहिलं तेव्हा तांबडी-निळी कनात पाण्यावर पसरली होती. दुपारी वादळ आलं. मी एका गुरवाच्या झोपडीत होतो. माड जमिनीला टेकत होते. त्या समुद्रात तेव्हा मी असतो, तर आबांना दुसऱ्याच कुणाच्या तोंडून ऐकावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी वादळ ओसरल्यावर चालत बंदरात आलो आणि थेट कचेरीत शिरलो. तिथल्या कारकुनाला विचारलं, त्या गोळ्याचा अर्थ काय.

"बंदराला वादळाचा धोका. बाहेर पडू नये."

"हे कुठं लिहिलंय?"

"लिहायचं कशाला? सगळ्यांना ठाऊक असतं."

मी रक्ताळलेले हात त्याच्या टेबलावर ठेवले. "मला ठाऊक नव्हतं."

तो माझ्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं बघत म्हणाला, "मग तुम्ही समुद्रावर आलात कशाला?"

सुरुवातीला विचारलेला माझा प्रश्न याच माणसासाठी आहे. "सगळ्यांना ठाऊक असतं" या वाक्यात जे बसत नाहीत, त्यांच्यासाठी दार आतून लावलेलं असतं. समुद्राचं असो, कचेरीचं असो, देवळाचं असो. लावणाऱ्याला आपण दार लावलंय हे कळतही नाही.

खाणावळवाल्या बाईंनी मला पाहिलं, गरम पेज पुढं ठेवली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "गप जेव. कालचं भाषण पुरे."

बारामतीला पोचलो. आबांना माझ्या तोंडानं सांगितलं. अटीप्रमाणे सगळं, मडक्यावरच्या भाषणासकट. आत्या उंबऱ्यात बसून ऐकत होती. आबा शेवटी म्हणाले, "काठीखाली दोन वळी लिवल्या असत्या तर होडी ऱ्हायली असती. छापायला पायजे हे."

"छापायचं कशाला?" आत्या उसळून म्हणाली. "त्या बाईनं सांगितलं व्हतं न्हवं? कानानं ऐकलं व्हतं न्हवं ह्यानं? नदीकाठच्या माझ्या सासूनंबी सांगितलं व्हतं तवा, उतरू नगा म्हणून. कुणी छापायचं व्हतं ते?"

 याला माझ्याकडं अजूनही पुरतं उत्तर नाही. ती जे म्हणाली ते खरं आहे, आणि तरीही माझ्यासारखे लोक आहेत, जे बाईच्या तोंडचं ऐकत नाहीत आणि फळीवर लिहिलेलं वाचतात. ती आमची खोड आहे. तिच्यापायी मरायची शिक्षा मात्र जास्त होते. शिवाय आता मी एकटा नाही. होडीची गोष्ट ऐकून बारामतीतली आणि इंदापुरातली चार-सहा पोरं माझ्याकडं येऊन बसतात, डोलकाठी किती उंच, फळी कशी, विचारतात. त्यांनाही समुद्र ठाऊक नाही. मी त्यांना जाऊ नका म्हणणार नाही. मीही पुढच्या हंगामात नव्या होडीतून जाणार आहे.

म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकांनो, हे वाचून झाल्यावर तुमच्या बंदरातल्या त्या काठीपाशी जा. तिच्याखाली मराठीत, मोठ्या अक्षरांत, कोणत्या खुणेचा काय अर्थ हे सांगणारी फळी आहे का ते बघा. नसेल तर कचेरीकडं मागा. ते नाही म्हणाले तर स्वतः रंग घेऊन लिहा आणि लावा. आणि ती फळी लागेपर्यंत, गोळा वर असताना कुणी परका माणूस होडी पाण्यात ढकलताना दिसला, तर तो कितीही शहाणपणाचं बोलत असला तरी त्याच्याशी वाद घालू नका. त्याच्या होडीचा दोर दोघा-तिघांनी मिळून धरून ठेवा.